पुढचं चाक आणि तुझे मोजे

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार (युनिफॉर्म घट्ट झालाय, तेव्हा जमेल तेवढी वाकले असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? काकांचा खोकला थांबला का? तू विणलेले लोकरीचे मोजे यंदाही पोचले. फारच उबदार आहेत. त्यांचा विषय पुढे येणारच आहे.

परवा विमान वर उठलं, कॅप्टनसाहेबांनी सांगितल्यावर मी चाकांचा दांडा वर केला आणि लाल दिवा लागून घंटा वाजायला लागली. मागची चाकं मुकाट्याने पोटात गेली होती, पुढचं मात्र रुसून बाहेरच राहिलं. मागे एकशे साठ माणसं चहाची वाट बघत होती (हे तेव्हाच का आठवावं, कोण जाणे). मी दांड्याकडे पुन्हा हात नेला, तर साहेब म्हणाले, "राहू दे. आधी विमान उडवू, मग चाकाचं बघू." (घरी दूध उतू जातानाही हा माणूस असाच बसत असणार.) पुरेशी उंची गाठल्यावर अशा वेळी काय करायचं त्याची यादी काढून एकेक ओळ मोठ्याने वाचली, दांडा खाली केला आणि तीन हिरवे दिवे लागले, म्हणजे तिन्ही चाकं खाली पक्की. इतके देखणे दिवे मी जन्मात पाहिले नाहीत. इंधन कमी होईपर्यंत चाळीस मिनिटं घिरट्या घालून निघालो तिथेच अलगद उतरलो. इतक्या लवकर पोचवल्याबद्दल एका आजोबांनी माझे आभारसुद्धा मानले.

मग मेकॅनिकने पुढच्या चाकाच्या दांडीतून एक पिन काढून माझ्या हातात ठेवली. विमान उभं असताना चाकं दुमडू नयेत म्हणून लाल फितीच्या अशा तीन पिना लावतात. निघण्यापूर्वी त्या काढून कॉकपिटमधल्या कापडी पिशवीत टाकायच्या आणि मी मोजायच्या. एक काढायला तो विसरला. तिची फीत गुंडाळली गेल्यामुळे विमानाभोवती फेरी मारताना मला दिसली नाही, आणि पिशवी मी नुसती चाचपली. चांगली गच्च लागली. तिच्यात दोन पिना होत्या आणि तुझे मोजे.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अहवालात लिहिलं, "पिशवी उघडून मोजायला मीही सांगितलं नाही." आत्या, ते वाचून मी रडले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आणि तुझेही. घरातून निघताना तू गॅस, नळ, कडी असं मोठ्याने म्हणत प्रत्येकाला हात लावायचीस आणि आम्ही पोरं हसायचो. आता मला पुन्हा उडू दिलं तर मी तस्संच करणार आहे.

तुझी,
विमानाखाली बसलेली भाची

ता. क. : शुक्रवारी चौकशी समितीपुढे जायचंय. माझं उडणं राहतं की जातं, ते तिथे ठरेल. मोजे त्यांनी पुरावा म्हणून ठेवून घेतलेत.

ता. क. २ : मोजे टोचतात. म्हणून ते पायातून काढून मी पिशवीत कोंबले होते. हे सांगायला मला तीन हिवाळे लागले.

ता. क. ३ : तरी शुक्रवारच्या आत नवा जोड पाठव. समितीपुढे पाय लटपटणार आहेत, तेव्हा टोचले तरी तुझेच हवेत. एक जोड साहेबांसाठीही विण. त्यांच्यासाठी मात्र मऊ लोकर घे.