कप्पी

मंगळवार, दिवेलागणीनंतर

शेजारचे हरीकाका आज पुन्हा आले. पुन्हा तेच. "बाय, विहीर बुजवून टाक. तिन्हीसांजेला कप्पी वाजते, मी ऐकलंय. तुझी आय अजून पानी काढतेय. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

माझ्या भल्यासाठी? की घरामागच्या त्यांच्या नव्या गोडाऊनसाठी? काल्हेरहून येणारा त्यांचा कंटेनर आमच्या विहिरीपाशी अडतो, वळतच नाही. दुपारीच बघितलं. आई जाऊन दोन महिने होत नाहीत, तर तिचंच भूत करून आणलं माझ्या दारात.

आणि कप्पी? ती तर मी आईच्या बाराव्यालाच काढून माळ्यावर ठेवली. विहिरीवर नुसता आडवा बार उरलाय. काका तिथे रोज उभे राहतात, पण कंटेनरची चाकं बघत. वर कधी बघितलंच नाही त्यांनी. म्हणजे धडधडीत खोटं. उद्या तोंडावर सांगणार, विहीर राहणार.

इतकं सगळं कळतंय मला. तरी अंधार पडल्यापासून घर सोडून ओटीवर लिहीत बसलेय. पाठ विहिरीकडे आहे, तिची भीती नाही वाटत.

कान माळ्याकडे लागलेत.