एका गुणाचा फरक

७ जानेवारी १९९८, बुधवार. सकाळी ८.
करर्र, करर्र. चाळीस पाट्यांवर चाळीस पेन्सिली. मेढ्याची शाळा, दुसरी इयत्ता, १९३६. गुरुजी कविता सांगताहेत, आम्ही उतरवतोय. बासष्ट वर्षांनी तोच आवाज आज माझ्या कॉम्प्युटरच्या पोटातून आला! डोळे भरून आले. पंधरा मिनिटं नुसता ऐकत बसलो.

दुपारी ४. पुतण्या पुष्कर पुण्याहून आलाय. आवाज ऐकून त्याचा चेहरा पडला. म्हणे, काका, हार्ड डिस्क चाललीय, आजच्या आज बॅकअप घ्या. गद्य माणूस. पण आत १४३ कविता आहेत. आमच्या क्रमिक पुस्तकांतल्या. ती पुस्तकं आता कुठेच मिळत नाहीत. वर्गमित्रांना पत्रं लिहून लिहून गोळा केल्या, दोन वर्षं एका बोटाने टाइप केल्या, तेही इंग्रजी अक्षरांत, कारण ह्या यंत्राला अजून बाराखडी येत नाही. मित्रांची पत्रं दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत दिली. कॉम्प्युटर असताना कागद कशाला? एक मार्चला मेढ्याला आम्ही उरलेले अकरा जण जमणार. प्रत्येकाच्या हातात छापील पुस्तिका देईन असा शब्द दिलाय.
संकल्प: बॅकअप. उद्याच.

८ जानेवारी.
पुष्कर जाताना म्हणाला, सगळं एका फ्लॉपीत मावतंय, नुसतं त्यात टाका, दोन मिनिटांचं काम. एका फ्लॉपीत! दोन मिनिटं! मनाला लागलं. माझा कॉम्प्युटर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतो, तिच्यात ह्यासाठी खास साधनं आहेत. टार, सीपीआयओ आणि डंप. चौतीस वर्षं पेपर तपासलेत मी. योग्य निवड झाल्याशिवाय फायलींना हात लावणार नाही. नवी दोनशेपानी वही काढली.

११ जानेवारी, रविवार.
परीक्षा सुरू. टार: सगळ्या फायली एका दप्तरात भरतो आणि दप्तर बांधतो. सरळ मुलगा. सीपीआयओ: फायलींच्या नावांची यादी हातात दिल्याशिवाय कामाला लागत नाही. आधी हजेरी, मग काम! भावला. डंप: ह्याच्यात शून्य ते नऊ इयत्ता आहेत, पण हा अख्खी डिस्कच उचलायला निघतो. शे-दोनशे फ्लॉप्या लागतील. घरात सात. नापास. (फेरपरीक्षेची संधी द्यावी.)

१४ जानेवारी. संक्रांत.
तिळगूळ द्यायला कुपवाडहून लालासाहेब आला. साताऱ्याच्या शाळेत माझ्या हाताखाली होता, शेवटचा बाक. आता लेथचा कारखाना आहे. हा कॉम्प्युटर त्यानेच दिलेला. आवाज ऐकला आणि तिळगूळ हातातच. "आवं गुरुजी, बेअरिंग गेलं की आमचं मशीन असंच वरडतंय. आदी माल भाईर काढा, मंग काय ती कविता म्हना." कवितेचा कान त्याला तेव्हाही नव्हता. तासभर तिन्ही साधनांची तुलना समजावली. तोंड उघडं टाकून ऐकत होता. जाताना म्हणाला, "लय डोकं हाय गुरुजी तुमचं." खरं आहे.

२१ जानेवारी.
निकाल. टार ७१, सीपीआयओ ७०. एका गुणाने कुणाला डावलणं माझ्या तत्त्वात बसत नाही. फेरतपासणी. शिस्तीचे दोन वाढवले, सीपीआयओ ७२. मग टारवर अन्याय झाल्यासारखं वाटलं. रात्री झोप नाही.
उमा म्हणते, अहो, पोरांचे मार्क कसले काढताय, वर्गाला आग लागलीय. बायकोशी वाद नको म्हणून फिरायला गेलो.

२५ जानेवारी, रविवार.
पूर्वपरीक्षा घेतल्याशिवाय बोर्डाला बसवायचं नसतं. कविता नाजूक, त्यांच्यावर प्रयोग नको. उमाची लिंबाच्या लोणच्याची कृती टायपिंगच्या सरावासाठी घातली होती, ती घेतली. एका फ्लॉपीवर टारने, दुसऱ्या फ्लॉपीवर सीपीआयओने. मग मूळ कृती पुसली आणि दोन्हींकडून परत आणली. मिठाच्या चमच्यापर्यंत तंतोतंत! उमाला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, लोणचं चाळीस वर्षं माझ्या डोक्यात आहे, त्या कविता तेवढ्या घ्या. पद्धत म्हणून काही असते हे तिला पटत नाही.

२६ जानेवारी.
आवाज थांबला! झेंडावंदनाहून आलो तर पेटी एकदम शांत. आपोआप बरी झाली. पुष्करला कळवायला हवं.
संकल्प: अंतिम निवड उद्या सकाळी सात वाजता. बहुधा टार.

२७ जानेवारी. सकाळी ७.
कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर 'एल आय' अशी दोन अक्षरं आली आणि पुढे काही नाही. कविता विसरलेलं पोर पहिलं अक्षर म्हणून उभं राहतं तसा. मी धीर दिला. वाट पाहिली.
७.४०. अजून एल आय.
रात्री पुष्करचा फोन. आतली चकती खरवडली गेलीय म्हणे, आता काही निघणार नाही.

२९ जानेवारी.
घाबरण्याचं कारणच नाही. एकूण एक कविता मला तोंडपाठ आहे. वही घेऊन बसलो. जेवणापर्यंत नऊ पूर्ण आणि एक अर्धी. ही अर्धी कोणत्या कवितेची, ते लक्षात येत नाही.
दहाही मित्रांना कार्डं टाकली: 'सुधारित आवृत्तीसाठी आपापल्या कविता पुन्हा पाठवाव्यात.' मेढ्याच्या नाथाजीला कार्ड लिहिताना हात थांबला. मागच्या वेळी त्याने चष्म्याशिवाय सोळा पानं लिहिली होती. उमाने कार्ड माझ्या हातातून घेतलं आणि खाली लिहिलं, 'ह्यांच्याकडून हरवल्या.' खोडायचं होतं. खोडलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
बेल वाजली. वाटलं पोस्टमन. पण रविवार. दारात मिरजेचे एक डॉक्टर, तरुण, बगलेत फ्लॉप्यांचं खोकं. कधी पाहिलेलं नाही. दवाखान्यातली पेशंटांची सगळी माहिती नुकतीच लिनक्सवर घेतलीय, बॅकअप कशात घ्यावा कळत नाही. त्यांच्या दवाखान्याच्या खाटा लालासाहेबाच्या कारखान्यात झाल्या. त्यानेच पत्ता दिला. डॉक्टर हसून त्याची नक्कल करत म्हणाले, "आमचं गुरुजी तीन आठवडं ह्येच करत्यात, सांगलीत दुसरा माणूस न्हाई."
उमा आतून बघत होती. मी ताठ झालो, या म्हणालो. दोनशेपानी वही टेबलावरच होती.
चपला काढता काढताच डॉक्टरांनी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कशात घेता?"
पाणी आणतो म्हणून आत आलोय.