पांढऱ्या टॉवेलाची खूण

प्रिय भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मावशीच्या हाती देते आहे. तिला बजावलंय, भिंगरी हे पूर्ण वाचेपर्यंत तिच्या समोरून हलू नकोस. राग आला तर येऊ दे, पण मधेच ठेवू नकोस. बाबा दवाखान्यात आहेत. मेंदूत रक्तस्राव झाला, वाचा गेली, उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर आशा दाखवत नाहीत आणि मीही आता विचारायचं सोडलंय.

खाटेशेजारी बसून बसून जुनं सगळं आठवतं. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी सांगितलं, मुलगा शाळेत भूमिती शिकवतो आणि संध्याकाळी हातोडा फेकतो. माझ्या आईला वाटलं सुताराचाच हातोडा. ती म्हणाली, मग तो उचलून कोण आणतं? लग्नानंतर कळलं, मीच. लोखंडी गोळा, त्याला तार, तारेला मूठ. वर्गातून खडूने माखलेल्या हातांनी थेट शाळेमागच्या मैदानावर जायचे आणि स्वतःभोवती गिरक्या घेऊन तो भिरकावून द्यायचे. पोरं पाठीमागे त्यांना गरगरे सर म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही, बरं का. मोठं बक्षीस कधी मिळालं नाही. बाहेरगावच्या स्पर्धेला निघाले की नेमकी परीक्षेची कामं उपटायची. पण वेड ते वेडच. अंगणात तू त्यांची नक्कल करत गरागरा फिरायचीस, म्हणून तू भिंगरी. ते नाव त्यांचंच.

घर सोडताना तू म्हणालीस, बाबांनी मला कधी जवळ घेतलं नाही, आणि स्वतःच्या हौसेपायी आपल्या दोघींना रोज उन्हात खांबासारखं उभं केलं. खोटं नव्हतं ते. मी तेव्हा गप्प बसले, कारण त्यांनी मला शपथ घातली होती. आज ती मोडते.

तुला आठवणार नाही, फार लहान होतीस. त्याआधी तू दिवसभर त्यांच्या खांद्यावर असायचीस, जेवायलासुद्धा उतरायची नाहीस. एका सुट्टीच्या दिवशी त्यांची टोपी डोक्यावर घालून माझा हात सोडवून तू मैदानात पळालीस. टोपी डोळ्यांवर आलेली. ते गिरकीत होते, मैदानाकडे पाठ. हातोडा सुटला की सुटला, त्याला परत बोलावता येत नाही. गोळा तुझ्या पावलाशेजारी जमिनीत रुतला. मातीचा फवारा अंगावर उडाला आणि तू खदखदून हसलीस, तुला तो खेळच वाटला. ते चालत आले, त्या खड्ड्यापाशी बसले आणि त्यात हात घालून बसूनच राहिले. त्या दिवसानंतर त्यांनी तुला उचललं नाही. स्वतःच्या हातांची भीती बसली गं त्यांना. शाळेच्या फाटकाशी तू धावत आलीस की हात पाठीमागे घ्यायचे, ते मी पाहत होते.

हातोडा खुंटीला टांगला. वर्षभर घरात नीट बोलले नाहीत, वर्गात मुलांवर खेकसायचे. शेवटी मीच तो काढून दिला. म्हटलं, मी समोरच्या टोकाला उभी राहीन, एका हातात पोरीचा हात धरीन आणि दुसऱ्या हाताने पांढरा टॉवेल वर करीन. तो दिसला की फेका. तुझं उन्हातलं उभं राहणं ते हे होतं, भिंगरी. तू वसतिगृहात गेलीस तेव्हाही मैदानावर निघताना विचारायचे, तिचा फोन आला का? आला असेल तरच मी टॉवेल वर करायची. पुढे तुझे फोन बंद झाले आणि त्यांचा हातोडाही. लोक म्हणाले, वय झालं सरांचं. मीही हो म्हटलं.

काल त्यांचं तोंड पुसलं आणि टॉवेल वाळत घालायला खिडकीशी हात वर केला. मागून श्वास ओढल्याचा आवाज आला. वळून बघते तर डावा खांदा उचललेला, श्वास छातीत धरलेला, डोळे टॉवेलावर. सुटायची सगळी तयारी. मग त्यांची नजर माझ्या दुसऱ्या हाताकडे गेली. तो रिकामा होता. खांदा हळूहळू खाली आला आणि पुन्हा घशातली घरघर सुरू झाली. फार हाल होताहेत त्यांचे, बघवत नाहीत. दुसऱ्या हातात कुणाचाही हात धरून टॉवेल वर केला की ते सुटतील, हे मला कळतंय. पण खोटी खूण मी त्यांना आजवर एकदाही केली नाही, आणि आता शेवटची तर करणारच नाही. म्हणून लिहिते आहे. माफ करू नकोस हवं तर, बोलूही नकोस. फक्त ये, आणि माझा हात धरून उभी राहा.

वाट बघते आहे,
तुझीच
आई