आठ ते अकरा

गोराई,
१६ नोव्हेंबर १९८७

प्रिय इसिडोर,

खाडीपलीकडे वाकोल्याला राहतोस, तरी बहिणीचं पत्र पोस्टानं आलं म्हणून हसू नकोस. तोंडावर सांगायला लागले असते तर मध्येच उठून गेला असतास, तुझी सवयच ती. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड.

तुझ्या लग्नात तू माईक हातात घेऊन अख्ख्या गावाला सांगितलंस, माझ्या बहिणीनं पप्पांना वाचवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी मान खाली घालून डुकराचं सोरपोतेल खात बसले. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या रे. चार वर्षं गिळून बसलेय.

तू तेव्हा जहाजावर होतास. शनिवारी संध्याकाळी कालवण खारट झालं म्हणून पप्पांनी आईचा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंटा घातला. हाड मोडल्याचा आवाज मी दारात ऐकला. मग वर स्वतःच रागावून गुत्त्यावर गेले. रविवारी सकाळी आठला उठून बसले आणि विचारायला लागले, घरात एवढं धुकं कुठून शिरलं. ओकत होते, पोट धरून लोळत होते. आईला वाटलं, नेहमीचंच.

मी मात्र ओळखलं. कॉलेजात बाईंनी शिकवलं होतं. अंगात एन्झाइम असतात, ज्याचं त्याचं काम ठरलेलं. यकृतातलं एक दारू फोडतं. चांगली की विषारी स्पिरिटची, एवढी अक्कल त्याला नाही, हाती येईल ते धरतं आणि फोडतं. त्या स्पिरिटचं मग फॉर्मॅलिन होतं, ज्यात आम्ही बेडूक बुडवून ठेवायचो, आणि त्याचं पुढे मुंगीच्या डंखातलं आम्ल. ते डोळे खातं. म्हणजे गुत्तेवाल्यानं अर्धंच काम केलं होतं, उरलेलं विष पप्पांचं अंग स्वतःच तयार करत होतं. उताराही बाईंनी सांगितला होता. चांगली दारू पाजायची. एन्झाइमला तीच जास्त आवडते, ते तिलाच धरून बसतं आणि स्पिरिट न फुटता हळूहळू अंगाबाहेर जातं. तू आणलेली ब्रँडी तुझ्या लग्नासाठी म्हणून ट्रंकेत ठेवलेली होती.

आठ वाजता मला हे सगळं माहीत होतं. मी मागच्या दारी जाऊन बोंबील साफ करत बसले. मला ते मरायला हवे होते, इसिडोर. प्रत्येक बोंबलाचं पोट फाडताना मनात म्हणायचे, अजून थोडा वेळ. आत ते भिंती चाचपत होते, ताटं फेकत होते, दिसत नाही म्हणून आईला शिव्या घालत होते. अकरा वाजता आई बाहेर आली, हात फडक्यात बांधलेला. म्हणाली, एवढं शिकलीस, तुझ्या पुस्तकात ह्यांच्यासाठी काहीच नाही काय गं? मी उठले ती तिच्यासाठी.

तिनं डाव्या हातानं चमच्याचमच्यानं ब्रँडी पाजली. मग गाववाल्यांनी होडीतून पलीकडे बोरिवलीला हॉस्पिटलात नेलं. गुत्त्यावरचे दुसरे दोघे त्याच दुपारी गेले. डॉक्टरनं माझी पाठ थोपटली. म्हणाला, दोन-तीन तास आधी पाजली असती तर डोळेही वाचले असते. आई शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. आजपर्यंत तिनं एका शब्दानं विचारलेलं नाही. तिचं मनगट वाकडंच जुळलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पप्पांची डोळ्यांबरोबर गेली. सुधारले बिधारले नाहीत, आम्ही कुठे उभ्या आहोत ते त्यांना कळत नाही एवढंच. बाई म्हणायच्या, एन्झाइम काम उरकून स्वतः जसंच्या तसं उरतं, पुढच्या कामाला तयार. परीक्षेत लिहिलं आणि विसरले. आपल्या घरातलं मारणं पप्पांबरोबर संपलं असंच मी धरून चालले होते.

काल तुझी सेराफिना आली. पायात दोन वेगवेगळ्या चपला. न्हाणीत पडले म्हणाली. आईनं पदर सरकवून तिची पाठ बघितली. तुझ्या पट्ट्याचं ते जहाजाच्या नांगराचं बक्कल तीन ठिकाणी उमटलंय. मग चुलीवर पाणी ठेवलं. तुझी बायको आता इथेच राहील. तिला न्यायला येऊ नकोस. आलासच तर आधी पप्पांसमोर बस आणि त्यांच्या डोळ्यांत नीट बघ. अर्धी बाटली अजून ट्रंकेत आहे. तुझ्यावर पप्पांसारखी वेळ आली तर उतारा मला माहीत आहे आणि किती वेळ थांबायचं तेही. ह्या वेळी आई मला उठवायला येणार नाही.

तुझीच बहीण,
पेट्रिशिया