पॅसेजमधला दिवा

गुडगाव, ३ डिसेंबर २००२
अखेर नव्या घरात आलो. आठवा मजला, भरपूर ऊन. सगळी नोकरी छावणीच्या क्वार्टरमध्ये गेली, त्यामुळे दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावताना बरं वाटलं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पॅसेज आणि माझ्या खोलीच्या दाराशी माणूस येताच आपोआप लागणारे दिवे आहेत. नमुन्याच्या फ्लॅटमध्ये सरला मुद्दाम त्यांच्याखालून ये-जा करत होती. म्हणाली, चला, तुमच्या मागे दिवे घालवत फिरणं संपलं. ताबा मिळण्याआधीच ती गेली. अर्पिता बाळंतपणाला माझ्याकडेच येणार आहे. आई नाही, तेव्हा सगळं मलाच करायचं. डिंक, खारीक, मेथी आणून ठेवली.

७ डिसेंबर
पॅसेजमधला दिवा कोणी नसताना लागतो. पाल असेल म्हणून काच पुसली. पडदा बांधला, हीटर बंद केला. वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलं आहे. स्क्रू फिरवून सेन्सर मंद केला. तरी लागतो. आधी पॅसेज, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर. सरला उठून चहा ठेवायला अशीच जायची.

१० डिसेंबर
इलेक्ट्रिशियननं नवा सेन्सर बसवला. म्हणाला, अंकल, ये सिर्फ गर्मी पकड़ता है, भूत तो ठंडा होता है. स्वतःच हसला. तो लिफ्टपाशी पोचायच्या आत दिवा लागला.
मला भीती वाटली नाही. दहाव्याला यमुनेवर पिंडाला कावळा शिवत नव्हता. अर्पितानं शब्द दिला, मेव्हणे विश्वनाथ यांनी दिला. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेव्हा मी मनात म्हणालो, सरला, तुला एकटं ठेवणार नाही, मागोमाग येतो. कावळा लगेच शिवला.

१४ डिसेंबर
क्रम उलटा झाला आहे. स्वयंपाकघर, न्हाणीघर, पॅसेज. मग माझ्या दाराशी. तिथला दिवा विझत नाही.
मी मोठ्यानं सांगितलं, शब्द मोडत नाही, पण पोरीचं बाळंतपण होऊ दे. मेन स्विच पाडला. दाराशी उजेड तसाच.

१७ डिसेंबर
आज मी पॅसेजमधून गेलो आणि दिवा लागला नाही. हात हलवले, उड्या मारल्या. शेजारच्या वासंतीबाई भाजी घेऊन आल्या, त्यांच्यासाठी लागला. वाटी घेताना माझा हात लागला तर दचकल्या. म्हणाल्या, अहो, बर्फ आहे की काय.
थर्मामीटर लावला. पारा चढत नाही.

१९ डिसेंबर
सरला, एक महिना. बाळ हातात घेऊ दे. मग ये, मी स्वतः—

२१ डिसेंबर
अर्पिताचा फोन. उद्याच येते म्हणाली. बाबा, बोलत का नाही, असं विचारत राहिली. मी बोलतच होतो.

२२ डिसेंबर
आली. वासंतीबाईंकडच्या किल्लीनं दार उघडलं. पॅसेजमधला दिवा लागला. बाबा, बाबा करते आहे. मी समोर उभा आहे—
खोलीत पलंगावर मी पडलो आहे. कधीपासून, कळत नाही. पोरीला आठवा संपतो आहे, हे तिनं पाहायचं नाही. दारात आडवा उभा राहिलो. ती थांबत नाही—
दाराशी आली. दिवा लागला.
सरला, तू नेहमी दिवे घालवायचीस. हा एक घालव. तिची नजर पलंगाकडे जायच्या आत हा एक—