सैल नट

सोमवार, ६ मार्च

चाक निघून गेलं असतं.

सकाळी लेकीचा फोन. कामावर जाताना गाडी डुगडुगायला लागली. उतरून बघते तर पुढच्या डाव्या चाकाचे तीन नट सैल. आणि नात मागच्या सीटवर! कुणा ट्रकवाल्याने थांबून आवळून दिले. "खड्ड्यांमुळे झालं असेल, बाबा. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

खड्डे कसले. काल चारही चाकं मीच काढली, मीच बसवली. दर दोन महिन्यांनी एका रविवारी ती गाडी घेऊन येते, मी ब्रेक तपासतो, पुढची चाकं मागे टाकतो. काल शेवटचं चाक आवळताना अंगठ्यातून कळ गेली. म्हटलं — बास, झालं. झालं नव्हतं.

तिला हे सांगितलं नाही. "असेल," एवढंच म्हणालो.

बुधवार, ८ मार्च

छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. मोजायची हत्यारं कपाटात बंद, हाताला सगळं कळतं अशी ऐट. 'आपला हात जगन्नाथ' म्हणून मिरवायचो. आता या जगन्नाथाला बरणीचं झाकण उघडत नाही. ही आधीच झाकण सैल करून बरणी ओट्यावर ठेवते. मला कळत नाही असं तिला वाटतं. वाटू दे.

डॉक्टर म्हणाले, अंगठ्याच्या मुळाशी झीज आहे, हात जपून वापरा. हात म्हणजे काय ठेवणीतली साडी आहे?

सगळ्यात लागतं ते वेगळंच. वर्षभर झालं, नट उघडताना पान्यावर उभं राहावं लागतं. मीच आवळलेले नट मलाच उघडत नाहीत! दर खेपेला आधीपेक्षा घट्ट. गंज धरत असेल म्हणून तेल लावून पाहिलं. गंज नव्हता. हातच गेलाय, दुसरं काय.

म्हणून मशीन घ्यायचं. इम्पॅक्ट रेंच, ठोके देत नट फिरवणारं. घोडा दाबायचा, काम झालं.

शनिवार, ११ मार्च

हत्यारांच्या दुकानात दोन तास. पाय दुखले.

हवेवर चालणारं घेतलं तर कॉम्प्रेसर आला, टाकी आली, शेजाऱ्यांची बोलणी आली. चार चाकांसाठी एवढी वरात कोण काढणार! वायरवालं दणकट आहे, पण लेक गाडी फाटकाबाहेर लावते, वायर तिथवर पोचायची नाही. राहिलं बॅटरीवालं. त्यात पुन्हा दोन — एक जाडजूड, खोक्यावर जोराचा भला मोठा आकडा. दुसरं आटोपशीर.

दुकानदार म्हणाला, "काका, घरच्या गाडीला एवढा आकडा कशाला? ट्रक खोलायचाय का? हे छोटं घ्या. बायकांनासुद्धा पेलतं."

मला राग आला. मुद्दाम मोठं उचललं. मनगट खाली गेलं. त्याने पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवून नटावर बसणारी काळी सॉकेटं काढायला वळला — नेहमीची चकचकीत सॉकेटं याच्यावर लावली तर तडकतात म्हणे. हल्ली माझ्यासमोर सगळेच न पाहिल्यासारखं करतात.

काही न घेता घरी.

रविवार, १२ मार्च

ही म्हणाली, "अहो, एवढं काय त्यात? गाडी गॅरेजला टाक म्हणावं तिला."

"मग ती इथे येईल कशाला?"

तोंडातून निघून गेलं. मी पेपर उघडला, तो कालचाच होता.

मंगळवार, १४ मार्च

पुन्हा दुकान. आज जे विचारायचं होतं ते विचारलं — "याने आवळायचं कसं?"

"हे खोलायला, काका. आवळताना नुसतं बसवून सोडायचं. शेवटचा जोर टॉर्क रेंचने, हाताने. त्यावर आकडा लावायचा, कट् वाजलं की थांबायचं. किती आवळलं ते मशीनला कळत नाही."

मशीनलाही कळत नाही! म्हणजे मी आणि ते सारखेच. पुन्हा हातावरच आलं सगळं. टॉर्क रेंचचा दांडा लांब असतो, जोर कमी लागतो म्हणाला. तरी शेवटी हात तो हातच.

मोठं की छोटं ते ठरेना. तो कंटाळून म्हणाला, "मोठ्या रस्त्यावरच्या टायरवाल्याला विचारा. त्याचा रोजचा हात आहे."

गुरुवार, १६ मार्च

आज लेकीला खरं सांगायचंच असं ठरवून फोन केला. नातीच्या सर्दीवर बोललो.

शुक्रवार, १७ मार्च

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तर मूठच मिटत नाही. पण त्या दिवशी चाक निघालं असतं तर? हाच एक विचार. जेवताना, अंघोळ करताना, कुठेही. थकलो.

शनिवार, १८ मार्च

टायरवाल्याकडे गेलो. मी कोण ते त्याला ठाऊक नाही. विचारलं, "मशीनने आवळता का हो?"

"सगळ्यांचे नाही. एक ताई येतात, त्यांचे आवळतो. दोन महिन्यांनी, रविवारी संध्याकाळी. छोटी पांढरी गाडी, मागे बाळाची खुर्ची. वडील चाकं काढून बसवतात म्हणे, पण आता हात चालत नाही त्यांचा. 'त्यांना कळता कामा नये, पण नट आवळून द्या' म्हणतात. मी मशीनने ठोकून आवळतो. वर्ष झालं. मागच्या खेपेला नेमकं माझं दुकान बंद होतं. थोडक्यात वाचल्या, परवा येऊन सांगत होत्या."

मला न उघडणारे नट याने आवळलेले होते.

तिथून तडक दुकानात. छोटं मशीन घेतलं, टॉर्क रेंचही. छोटं तिच्या हाताला बसेल.

घरी येऊन फोन केला. म्हणालो, "त्या दिवशी नट मी सैल सोडले होते. पुढच्या वेळी ये, पण चाकं तू काढायचीस, तूच आवळायचीस. मी बाजूला बसून चुका काढीन."

ती म्हणाली —

"बाबा, टायरवाल्याकडे गेला होतात का?"