दोन पेठांत जन्मलेली एकच मुलगी

नांदे, ११ डिसेंबर २००३

शंभर वर्षांपूर्वीच्या पुण्यातल्या दोन पेठांतले जन्म मोजून मी बेरीज परवाच संशोधक बाईंना दिली. आज त्या पेठांच्या मोडीतल्या जन्मनोंदींच्या वह्यांचे झेरॉक्स पुन्हा ताडून पाहताना एक मुलगी दोन्ही वह्यांत सापडली. तोच बाप, तीच तारीख. मोडी मला अण्णांनी घरीच शिकवलेली, माझंच वाचणं चुकलं असेल का? चारदा पाहिलं. तीच मुलगी.

आई तांदूळ निवडत होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "येडे, पहिलटकरीण माहेरी जाती. आज्यानं तितं लिवलं, बापानं हितं. त्यात काय नवाल?"

म्हणजे अशी किती मुलं मी दोनदा जन्माला घातली! आता काम हातचं जाणार, असं धरूनच बाईंना फोन केला.

बाई हसल्या. "बरं झालं सांगितलंस. आता सगळ्या पहिलटकरणी शोधून काढ. महिन्याचं काम वाढलं तुझं."

जीव भांड्यात पडला. बेरजेतून त्या मुलीची एक नोंद कमी केली. नाव नाहीच, नुसतं 'मुलगी' लिहिलंय. पण तिच्यासाठी दोन्ही घरांतून कुणीतरी नोंद करायला गेलं होतं. हे मला फार आवडलं.